रस्ता त्यांचा, नाली यांची, पाणी मात्र आमच्या घरात

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

मागच्या जुलैत एका रात्री आमच्याकडे दणकून पाऊस झाला आणि माझ्या दुकानात गुडघाभर पाणी शिरलं. पावसाचं पाणी घरात शिरणं ही काही पेपरात लिहावी अशी नवीन गोष्ट नाही, पण ते पाणी काढून देणारी नाली कोणी बांधायची एवढं एकच विचारायला मी अकरा महिने फिरून राहिलो आहे, सहा ऑफिस झाले आणि उत्तर अजून मिळालं नाही, म्हणून हे पत्र. लांब झालं आहे पण पूर्ण वाचा अशी विनंती आहे कारण आमच्यासारखी गावं विदर्भात खूप आहेत आणि तिथली माणसंही हेच भोगत असतील असं मला पक्कं वाटते.

मी पूर्व विदर्भातल्या एका तालुक्याच्या गावी राहतो. वस्ती दहा-बारा हजार. चारही बाजूनं धानाचे बांध. तहसीलच्या समोर माझं झेरॉक्स आणि ऑनलाईन फॉर्म भरायचं दुकान आहे, चौदा वर्षं झाली. गावाचं नाव मुद्दाम लिहत नाही, कारण ज्या साहेबलोकांबद्दल खाली लिहलं आहे ते माणूस म्हणून वाईट नाहीत, चहा पाजतात, बसा म्हणतात, आणि माझं भांडण त्यांच्याशी नाहीच.

तर नाली. आमच्या गावातून राज्य मार्ग जातो. चार-पाच वर्षांआधी तो सिमेंटचा झाला, रस्ता चांगला झाला यात वाद नाही, पण जुन्या डांबरावरच चढवल्यामुळे दीड फूट उंच झाला आणि दोन्ही बाजूची घरं, दुकानं खाली गेली. एका बाजूनं नाली बांधली ती पानठेल्याच्या कोपऱ्यापर्यंत येऊन थांबली, तिथून नाला चाळीस मीटरवर आहे. चाळीस मीटर! मी स्वतः टेप धरून मोजलं आहे. मधात कच्ची माती आणि बेशरमाची झुडपं. जोराचा पाऊस आला की अर्ध्या गावाचं पाणी त्या नालीतून धावत येते, कोपऱ्यावर अडते आणि मागे फिरून आमच्या गल्लीत शिरते. त्या रात्री मागच्या घरातल्या म्हातारीचे धानाचे कट्टे भिजले, वर्षभराचं खाणं होतं ते. माझा प्रिंटर गेला त्याचं एवढं नाही, पण लोकांनी विश्वासानं ठेवून गेलेले ओरिजनल कागद खालच्या कप्प्यात होते, त्यात एका बाईची निराधारच्या पगारासाठीची पूर्ण फाईल होती, नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, सगळा लगदा झाला. ती बाई सकाळी आली आणि काही बोलली नाही, नुसती तो लगदा हातात धरून उभी राहिली. मी तिचे सगळे कागद परत काढून दिले, दोन महिने लागले. तेव्हापासून हा विषय माझ्या डोक्यातून जात नाही.

पहिले नगरपंचायतीत गेलो. ते म्हणाले, "भाऊ, रस्ता राज्य मार्ग आहे, त्यांच्या हद्दीत आम्ही कुदळ मारू शकत नाही, रस्तेवाल्यांची परवानगी लागते." रस्त्याचं ऑफिस तीस किलोमीटरवर, तिथं गेलो. तिथले साहेब फाईल काढून दाखवतात, "आमच्या एस्टिमेटमधी नाली जेवढी होती तेवढी झाली, बिल निघालं, आता गावातल्या पाण्याचा निचरा पाहणं नगरपंचायतचं काम." परत इकडं. मग कोणी सांगितलं नाल्यापर्यंतची जागा महसूलची आहे, तहसीलमधून मोजणी पाहिजे, म्हणून तहसील. तिथून भूमी अभिलेख. जिल्ह्याला पहिल्या सोमवारच्या लोकशाही दिनात अर्ज दिला, तो वरून परत नगरपंचायतीतच आला आणि तिथून मला तेच पहिलं उत्तर लेखी आलं. ऑनलाईन पोर्टलवर टाकलं तर आठव्या दिवशी मेसेज, सदर बाब या कार्यालयाशी संबंधित नाही, तक्रार निकाली. तक्रार निकाली निघाली आणि पाणी मात्र होतं तिथंच राहिलं.

कोणीच खोटं बोललं नाही हे मला सगळ्यात जास्त टोचते. प्रत्येकाकडे कागद आहे, प्रत्येकजण आपल्या कागदाप्रमाणे बरोबर आहे.

माझ्या दुकानात अभ्यासिकेतली पोरं एमपीएससीच्या नोट्स झेरॉक्स करायला येतात. पानं मशीनवर टाकता टाकता मी वाचत असतो, तसं मला हे समजत गेलं. संविधानाच्या सातव्या अनुसूचीत राज्याची जी यादी आहे त्यात ५ व्या नंबरला स्थानिक संस्था आहेत, म्हणजे नगरपंचायत असो की महानगरपालिका, तिला जन्म देणं, अधिकार देणं, हे राज्याच्या हातात. मग ७४ वी घटनादुरुस्ती आली, १ जून १९९३ पासून लागू झाली, तिच्यात बारावी अनुसूची जोडली आणि शहराच्या संस्थेनं करायची १८ कामं लिहली. रस्ते-पूल, पाणी, सफाई, कचरा, आग विझवणं, दिवाबत्ती, स्मशानभूमी, जन्म-मृत्यूची नोंद, अगदी कोंडवाडासुद्धा त्यात आहे. पण ही कामं आणि त्यासाठीचे अधिकार राज्य सरकार संस्थेला "देऊ शकेल" असं कलम २४३ डब्ल्यू म्हणते, "द्यावेच लागतील" असं म्हणत नाही. माझ्या मते आमची चाळीस मीटर नाली त्या एका शब्दात अडकली आहे. जे देऊ शकेल ते नाही दिलं तरी चालते, आणि अर्धं दिलं तर काम एकाकडे, पैसा दुसऱ्याकडे आणि माणूस तिसऱ्याकडे राहतो.

केंद्राला तर शहराच्या कारभारात सरळ जागाच नाही, ते योजनेतून येते. स्वच्छ भारत, अमृत, आवास, प्रत्येकाचं वेगळं ॲप, वेगळा फोटो, वेगळा फॉर्म. वित्त आयोगाचा पैसा येतो तोही बांधून येतो. १५ व्या वित्त आयोगानं आमच्यासारख्या लहान शहरांच्या अनुदानात ६० टक्के पाणी आणि स्वच्छतेसाठी राखून ठेवायला सांगितलं, उरलेल्या ४० टक्क्यांत बाकीचं सगळं गाव. पाण्यासाठी पैसा राखणं चुकीचं आहे असं मी म्हणत नाही. पण कोणत्या गल्लीत काय पाहिजे हे दिल्लीत बसून समजणार नाही, ते आमच्या प्रभागातल्या सदस्य ताईला समजते, तिनं दोन सभेत हा विषय मांडला, ठराव झाला, आणि ठराव वर पाठवला आहे एवढंच ती सांगू शकते. बिचारी खरी आहे, निवडणुकीत तिनं याच नालीवर मत मागितलं होतं आणि आता माझ्या दुकानासमोरून जाताना ती खाली पाहून जाते. मला तिचं वाईट वाटते.

आता आम्ही शहर कसे झालो ते सांगतो. २०१४ मध्ये राज्य सरकारनं तालुक्याच्या ठिकाणच्या ग्रामपंचायतींच्या नगरपंचायती करायचं ठरवलं, त्यात आमचा नंबर लागला. काही दिवस तहसीलदार साहेबच प्रशासक होते, मग निवडणूक झाली, १७ प्रभाग, १७ सदस्य. फटाके फुटले, आम्हालाही आनंद झाला, खोटं कशाला सांगू. वाटलं शहर झालो म्हणजे नळाला रोज पाणी, आगीची गाडी, चांगला दवाखाना. पण दवाखाना राज्याच्या आरोग्य खात्याचा, शाळा अजून जिल्हा परिषदेची, बसस्टॅंड एसटीचा, वीज महावितरणची, पोलीस गृह खात्याचे, आणि ज्या जिल्हा परिषदेच्या शाळेत आमची पोरं शिकतात त्या जिल्हा परिषदेला मत द्यायचा आमचा हक्क मात्र गेला कारण आम्ही आता शहरी. शाळेचं छत गळते म्हणून पालक गेले तर तिकडचा सदस्य कोण, तर बाजूच्या गावाचा, आमच्या मतानं तो निवडून येतही नाही आणि पडतही नाही.

जिल्हा परिषद ज्यांच्या समितीच्या अहवालावरून १ मे १९६२ ला सुरू झाली ते वसंतराव नाईक आपल्या पुसदचेच, मोठं काम होतं ते. पण त्या वेळी गाव म्हणजे गाव आणि शहर म्हणजे शहर होतं, आमच्यासारखं मधलं काही त्या रचनेत बसतच नाही.

आणि ग्रामसभा गेली. हे नुकसान सगळ्यात मोठं आहे आणि याबद्दल कोणीच बोलत नाही. ग्रामपंचायत होती तेव्हा वर्षातून किमान चार ग्रामसभा घ्यायच्या असा कायदा होता, आमच्याकडे शाळेच्या पटांगणात व्हायची. भांडणं व्हायची, कोरम नसायचा, कधी नुसत्या सह्या व्हायच्या, तेही पाहिलं आहे. पण एखादा प्रश्न पेटला की सगळं गाव यायचं, सरपंच, ग्रामसेवक, तलाठी, कधी कधी वायरमनसुद्धा समोर बसलेले, आणि माझी माय, जी चौथी शिकली, ती उभी राहून विचारायची की विहिरीतला गाळ कधी काढता. तिला उत्तर द्यावं लागायचं. सगळ्यांसमोर. नगरपंचायतीत सर्वसाधारण सभा असते पण त्यात बोलतात ते सदस्य, आपण बोलू शकत नाही. संविधानात शहरासाठी वॉर्ड समित्या आहेत पण त्या ३ लाख किंवा त्यापेक्षा जास्त लोकसंख्या असेल तर सक्तीच्या. आम्ही दहा-बारा हजार. म्हणजे दोन हजार वस्तीच्या गावाला ग्रामसभा आहे, ३ लाखाच्या शहराला वॉर्ड समिती आहे आणि मधल्या आम्हाला उभं राहून विचारायला जागाच नाही. माझी माय अजून विचारते, "आता सभा नाही होत का रे?" तिला काय सांगू.

गडचिरोलीकडच्या लोकांचं तर याहून अवघड आहे. एटापल्ली, भामरागड ही अनुसूचित क्षेत्रातली, म्हणजे संविधानानं आदिवासींसाठी वेगळ्या धरलेल्या भागातली गावं, तिथं त्या भागासाठीच्या पेसा कायद्यानं ग्रामसभेला जे अधिकार होते ते गाव नगरपंचायत झालं की त्या गावापुरते गेले, आणि अनुसूचित क्षेत्रातल्या शहरांसाठी वेगळा कायदा करायचं बिल २००१ मध्ये संसदेत आलं होतं ते पासच झालं नाही.

घरकुलाचं सांगतो कारण हे फॉर्म माझ्याच दुकानातून जातात. ग्रामीणच्या मूळ योजनेत सपाट भागात १ लाख २० हजार धरले आहेत, शहरी योजनेत केंद्राचे दीड लाख आणि राज्याचा १ लाख असे अडीच लाख. ऐकून वाटते शहरीचाच फायदा. पण शहरीत स्वतःच्या नावाची जागा कागदावर पाहिजे, नगरपंचायतची बांधकाम परवानगी पाहिजे, आणि आमच्या गावात निम्म्या लोकांकडे ग्रामपंचायतच्या काळचा नमुना आठ, म्हणजे घरपट्टीचा उतारा, तेवढा आहे, तीन पिढ्या त्याच घरात गेल्या पण सरकारी जागेवर म्हणून नावावर काही नाही. जागा नावावर करणं महसूलचं काम, परवानगी नगरपंचायतचं, पैसा दोन सरकारांचा आणि दोन्हीचे हप्ते वेगवेगळ्या वेळी येतात, एकाचा आला तर दुसऱ्याचा अडलेला. एक मजूर माझ्याकडे चार वेळा आला, प्रत्येक वेळी वेगळ्या कागदासाठी, चौथ्या वेळी त्यानं मला विचारलं, "भाऊ, मी गावातला आहो का शहरातला, ते तरी सांग." रस्त्याच्या पलीकडे दोन किलोमीटरवरच्या गावात त्याच्या भावाचं घर बांधून झालं.

तसंच पाण्याचं. जल जीवन मिशन १५ ऑगस्ट २०१९ ला जाहीर झालं, घरोघरी नळ, पण ते ग्रामीण भागासाठी, आम्ही त्याच्या आधीच शहर झालो होतो. शहरांच्या नळासाठी अमृत २.० आली २०२१ च्या ऑक्टोबरात, तिच्यात १ लाखाच्या आतल्या शहराला केंद्र अर्धा पैसा देते, बाकीचा राज्यानं आणि नगरपंचायतीनं घालायचा. आमची नगरपंचायत वाटा कुठून आणणार, इथं उद्योग नाही, बाजार आठवड्यातून एकदा भरतो, घरपट्टी वाढवायची म्हटलं तर लोकांचं म्हणणं पहिले सोय द्या मग पैसे मागा, आणि लोकांचंही चूक नाही. सिंचन विहिरीचंही तसंच. रोजगार हमीचा केंद्राचा २००५ चा कायदा ग्रामीण भागासाठी होता, आमचे शेतकरी त्याच बांधावर तोच धान लावतात पण राहतात शहरात, म्हणून विहिरीचा अर्ज परत आला. शिवार तेच, चिखल तोच, फक्त बोर्डावरचं नाव बदललं.

कचऱ्याची गोष्ट वेगळी आहे आणि ती फक्त आमच्याच सहा जिल्ह्यांत समजेल. घंटागाडी आली, कचरा गोळा व्हायला लागला, टाकायचा कुठं? गावाबाहेर एक पडीक जागा पाहिली, ठराव घेतला, पण महसूलच्या रेकॉर्डला ती झुडपी जंगल निघाली. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली मिळून सुमारे ८६ हजार हेक्टर अशी जमीन आहे आणि सुप्रीम कोर्टानं २२ मे २०२५ ला सांगितलं की हे जंगलच धरायचं. म्हणजे तिथं दुसरं काही करायचं तर १९८० च्या वन कायद्यानं केंद्राची मंजुरी. मी जंगलाच्या विरोधात नाही, आमच्याकडे वाघ गावाच्या शिवेवर येतात, जंगल राहिलंच पाहिजे आणि कोर्टाचं बरोबरच आहे. पण मग दहा हजार लोकांच्या गावाला कचरा टाकायला दुसरी जागा शोधून देणं हे कोणाचं काम आहे? नगरपंचायतकडे स्वतःची एक एकर जमीन नाही. जमीन आहे महसूलकडे आणि वनखात्याकडे, कचऱ्याची जबाबदारी आहे नगरपंचायतकडे. सध्या कचरा नदीकडच्या रस्त्यानं खड्ड्यात पडते आणि जाळतात, धूर आश्रमशाळेत जाते.

हे सगळं सांभाळणार कोण तर मुख्याधिकारी. त्यांना नेमते राज्याचं नगरविकास खातं, बदली करते तेच. आमच्याकडे जे होते त्यांच्याकडे दुसऱ्या नगरपंचायतचा चार्ज होता, ते मंगळवार-शुक्रवार इकडं असायचे. इंजिनिअरचंही तसंच. ग्रामपंचायतच्या काळचे पंपवाले आणि शिपाई समावेशनाच्या आशेवर अर्ध्या पगारात पाणी सोडून राहिले, गाव त्यांच्याच भरवशावर चालते खरं तर. नगराध्यक्ष कसा निवडायचा हेही आमच्या हातात नाही, २०१६ मध्ये सरकारनं थेट लोकांमधून केलं, २०२० मध्ये पुन्हा सदस्यांमधून, २०२२ मध्ये पुन्हा थेट. गावचा कारभारी कसा निवडायचा हे दर सरकारनं बदलायचं आणि गावाला कोणी विचारायचं नाही, हे बरोबर आहे का?

जिल्ह्याला नियोजन समिती असते, पालकमंत्री अध्यक्ष असतात, नाल्या-रस्त्याचा बराच पैसा तिथूनच येतो. संविधानाप्रमाणे या समितीत कमीत कमी पाचातले चार सदस्य जिल्हा परिषदेच्या आणि शहरांच्या निवडून आलेल्या सदस्यांनी आपल्यातून निवडायचे. पण विदर्भातल्या कितीतरी जिल्हा परिषदांची मुदत २०२२ मध्ये संपली आणि प्रशासक बसले, नगर परिषदांचंही तेच, त्यांच्या निवडणुका होता होता २०२५ चा डिसेंबर उजाडला. मग त्या इतक्या वर्षांत त्या टेबलावर आमच्या बाजूनं बोलायला कोण होतं?

मोठ्या शहरातल्या वाचकांना वाटत असेल हे खेड्यातल्या लोकांचं आहे. तर नागपूर पाहा. तिथं महानगरपालिका आहे, १९३६ च्या कायद्याची सुधार प्रन्यास आहे, २०१७ पासून महानगर प्रदेश प्राधिकरण आहे, मेट्रो कंपनी केंद्र-राज्य अर्धी अर्धी, रस्ते कोणाकोणाचे तर पाच ठिकाणचे. २३ सप्टेंबर २०२३ ला अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदीचं पाणी लोकांच्या बेडरूममध्ये गेलं, आणि पुढं हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठात जनहित याचिका लागली तेव्हा एकेका खात्याला कोर्टानं बोलावून विचारावं लागलं. महानगरपालिका तेव्हा प्रशासकाच्या हातात, मार्च २०२२ पासून निवडून आलेला एक माणूस नव्हता. नागपूरच्या माणसाजवळ निदान हायकोर्ट गावात आहे. आमच्या गल्लीतल्या म्हातारीनं चार कट्टे धानासाठी हायकोर्टात जावं का?

गावात काही लोक म्हणतात परत ग्रामपंचायत करा. मी त्या मताचा नाही. गाव वाढून राहिलं, प्लॉट पडून राहिले, आज ना उद्या शहराच्या सोयी लागणारच. नगरपंचायत राहू द्या, पण तिला खरी करा. गावातल्या नाल्यांचं काम द्यायचं असेल तर त्या नाल्यांचा पैसा आणि पूर्ण वेळ इंजिनिअर त्याच ऑफिसात द्या, आणि गावाच्या हद्दीतून राज्याचा रस्ता जाणार असेल तर नाल्यापर्यंतची नाली त्याच एस्टिमेटमध्ये घेतल्याशिवाय रस्त्याला मंजुरीच देऊ नका. पानठेल्यापाशी थांबणारी नाली कोणत्याही साहेबानं कागदावर काढताना पाहिली असती तर त्यालाच समजलं असतं की पाणी पुढं कुठं जाणार. ते कोणी पाहिलं नाही कारण पाण्याची जबाबदारी त्या कागदावर नव्हतीच.

दुसरं, माहितीच्या अधिकारात एक फार चांगली गोष्ट आहे, मी स्वतः अर्ज करून अनुभवली. अर्ज चुकीच्या ऑफिसला गेला तर ऑफिसनंच तो ५ दिवसांच्या आत बरोबर ऑफिसला पाठवायचा आणि आपल्याला कळवायचं, कलम ६(३). माहिती मागणाऱ्याला जो मान आहे तो ज्याच्या घरात पाणी शिरलं त्याला का नाही? तक्रारीलाही हाच नियम लावा. "आमच्याकडे येत नाही" एवढं म्हणून फाईल बंद करता येऊ नये, कोणाकडे येते ते लिहून तिकडं पाठवल्यावरच तुमच्याकडून सुटका. यासाठी एक रुपया खर्च नाही.

आणि बोर्ड. आमच्या गावात बोर्डाची कमी नाही. हायमास्ट लाईटवर आमदार निधीचा बोर्ड, बस थांब्यावर खासदार निधीचा, बोअरवर जिल्हा परिषदेचा, शौचालयावर स्वच्छ भारतचा, रस्त्यावर भूमिपूजनाचा संगमरवरी. कोणी दिलं ते सगळीकडे लिहलं आहे, नावं मोठी, फोटोसहित. बिघडलं तर कोणी दुरुस्त करायचं ते एकाही बोर्डावर लिहलेलं नाही. तो हायमास्ट दोन वर्षांपासून बंद आहे, त्याचं बिल आणि बल्ब कोणाचा यावर दोन ऑफिसचं पत्र चालू आहे, माझ्याकडेच झेरॉक्स होतात ती पत्रं. त्याच बोर्डावर खाली एक ओळ लिहा, देखभाल अमुक कार्यालय, अमुक पदाचा अधिकारी. नाव नको, पद लिहा, बदल्या होत असतात. ती ओळ लिहायला जो अधिकारी तयार होणार नाही त्याचं काम त्या गावात सुरूच होऊ देऊ नका.

सभा पण परत द्या. कायद्यात ३ लाखाची अट असेल तर असू द्या, नगरपंचायतीनं महिन्यातून एक दिवस सगळ्या खात्यांचे तालुक्याचे लोक बोलावून शाळेच्या पटांगणात बसायला कोणता कायदा मनाई करते? रस्तेवाले, महसूल, वीज, पाणी, वन, दवाखाना, सगळे एका सतरंजीवर. मग नगरपंचायतवाले म्हणतील त्यांचं आहे तर ते समोरच बसलेले असतील आणि लोक ऐकत असतील. माझी माय नक्की येईल.

आमदार साहेबांना, जिल्हाधिकारी साहेबांना मी या पत्राची प्रत पाठवत आहे. तुम्ही छापलं तर ते वाचतील, नुसतं पाठवलं तर कुठल्या टेबलावर जाईल ते मला आता माहीत झालं आहे.

जून लागला आहे. मागच्या आठवड्यात पहिला पाऊस येऊन गेला, थोडाच होता, तरी कोपऱ्यावर पाणी साचलं. मी दुकानातले लोकांचे कागद सगळे वरच्या रॅकवर चढवले, दारात रेतीची पोती लावली, मागच्या म्हातारीचे कट्टे यावर्षी माझ्या माळ्यावर आणून ठेवले आहेत. पानठेल्यापासून नाल्यापर्यंत चाळीस मीटर, मधात एक विजेचा खांब आणि एक बाभूळ, बाकी जागा मोकळी आहे. मोजमाप आणि नकाशा माझ्याकडे तयार आहे, ज्या ऑफिसची ही नाली असेल त्यांनी येऊन घेऊन जावा, झेरॉक्सचे पैसे नको.

आपला नियमित वाचक,
एक झेरॉक्स दुकानदार,
पूर्व विदर्भ